कॉलेजातल्या दिव्यांग मुलांच्या सोयी: परीक्षेआधी वर्गाचं बोलूया (बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड)

खडू_फळा

मंडळी, बेळगावातल्या एका पदवी कॉलेजात शिकवते. सध्या प्रवेशाची गर्दी आहे. या दिवसांत टेबलासमोर एखादी आई नाहीतर थोरला भाऊ येतो, सिव्हिल हॉस्पिटलचा दिव्यांगत्वाचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, पेपरला रायटर देतात न्हवं?"

देतात. पण सेमिस्टरचा पेपर ही तीन-चार महिन्यांनंतरची गोष्ट. तोवर ते पोर रोज वर्गात बसणार. फळ्यावरचं दिसणार नाही किंवा शिकवलेलं ऐकू येणार नाही, नोट्ससाठी मित्राच्या वहीची वाट बघणार, दुसऱ्या मजल्यावरची लॅब खालूनच बघणार. आणि मग परीक्षेत आपण त्याला लेखनिक देणार. जे डोक्यापर्यंत पोचलंच नाही ते लेखनिकाला सांगणार तरी काय?

थोडं कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी आहे, म्हणजे मान्यता घेतलेलं विनाअनुदानित कॉलेजही त्यातनं सुटत नाही. इमारत आणि आवार वापरता येण्याजोगं करणं हे त्यात आहेच, शिवाय ज्याची जशी गरज तशी वाजवी सोय करून देणंही आहे. अंधांना हे, कर्णबधिरांना ते, असं ठरलेलं पाकीट हातात ठेवून भागत नाही. समोरच्या पोरालाच विचारावं लागतं.

तुम्हाला वर्गात नेमकं काय उपयोगी पडलं, कुणाकडं मागितलं, कसं मागितलं, ते लिहा. आपल्याकडं शिकवणं तीन भाषांत चालतं, त्याचं दुखणं वेगळंच आहे. तेही लिहा.

मलप्रभेकाठी

धागा पाहिजेच होता. वाचनखूण साठवली.

पांढरी_काठी

खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता एमए करतोय. उजेड-अंधार कळतो, बाकी दिसत नाही.

मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट फुकटातली आहे. बीएला अर्थशास्त्राचे एक सर होते. फळ्यावर आकृती काढताना बहुतेक जण म्हणतात, "हे इथनं असं खाली आलं, म्हणजे हे कमी झालं की हे वाढतं." दिसणाऱ्याला कळतं. मला "हे" आणि "ते" यापलीकडं काहीच मिळत नाही. या सरांकडं पहिल्याच आठवड्यात गेलो आणि सांगितलं, सर, हात जिकडं जातो ते तोंडानं पण सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागणीचा वक्र असा शिकवला: "उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी. रेषा डावीकडं वरून सुरू होते आणि उजवीकडं खाली उतरते. किंमत जितकी खाली, मागणी तितकी उजवीकडं." मी बाकावर बोटानं ती रेषा ओढली. शेजारची डोळस पोरं नंतर म्हणाली, आम्हालाही आजच नीट कळलं.

दुसरी गोष्ट नोट्सची. यात फार पोरं अडकतात आणि शिक्षकांना कल्पनाच नसते, म्हणून खोलात सांगतो. आम्ही पडद्यावरचं बोलून वाचणारे स्क्रीन रीडर वापरतो, फोनवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए. एनव्हीडीए फुकट मिळतं. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वाचून दाखवतं. पण नोट्स नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या जुन्या फॉन्टात, टाइप केलेल्या असल्या तर काय होतं? पडद्यावर स्वच्छ कन्नड दिसतं. फाईलच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना कन्नडचं रूप देतो. स्क्रीन रीडर रूप बघत नाही, पोटातलं वाचतो. मग कानावर एस, कंस, डॉलर, पी, स्वल्पविराम असा मारा सुरू होतो. मराठीत श्रीलिपीच्या जुन्या फाईलींचं तेच. शिक्षक म्हणतात, "अरे पाठवल्या की नोट्स!" त्यांचंही खरं असतं.

उपाय सोपा. टाइप करताना युनिकोड, म्हणजे फाईलच्या पोटातही खरी मराठी-कन्नड अक्षरंच राहतात. जुनी फाईल असेल तर कन्व्हर्टर मिळतात. मोबाईलवर फोटो काढून केलेली पीडीएफ आमच्यासाठी कोरा कागद. ती गूगल ड्राइव्हमध्ये टाकून डॉक्समध्ये उघडली की मराठी-कन्नडची अक्षरं ओळखून मजकूर बऱ्यापैकी मिळतो. आणि नोट्स तासाच्या आदल्या दिवशी मिळाल्या तर उत्तम. मी ऐकून येतो, मग वर्गात प्रश्न विचारायला तोंड असतं.

खडू_फळा

@पांढरी_काठी, नुडीचं मी उद्याच स्टाफरूममध्ये सांगते. एक विचारू? पाठ्यपुस्तक स्कॅन करून द्यायला ग्रंथपाल कचरतात, कॉपीराइटची भीती घालतात.

पांढरी_काठी

भीतीचं कारण नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करून द्यायला, नफा न कमावता, मुभा आहे. अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला मराकेश करार मंजूर करणारा पहिला देशही भारतच, २०१४ मध्ये. शिवाय सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. तिथं पुस्तक आधीच तयार मिळालं तर स्कॅनिंगचा खटाटोप वाचतो, म्हणून आधी तिथं शोधायचं.

ओठवाचक

बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन्ही कानांत यंत्र आहे, तरी निम्मं ओठांवरनंच घेते.

सगळे म्हणतात, पुढच्या बाकावर बस म्हणजे झालं. नाही होत. अगदी पुढं बसलं की सर जवळ येऊन उभे राहतात आणि मला त्यांची हनुवटी तेवढी दिसते. मला दुसऱ्या ओळीतली जागा लागते, खिडकी माझ्या पाठीमागं, म्हणजे उजेड सरांच्या तोंडावर पडतो. खिडकी सरांच्या पाठीमागं असेल तर चेहरा काळा दिसतो आणि अख्खा तास वाया जातो. ही जागा मी पहिल्या दिवशीच वर्गशिक्षिकेकडनं लिहून घेतली, कारण तोंडी सांगितलं की आठवड्यात कोणीतरी तिथं बसलेलं असतं.

आता आपल्या गावाचं. सर एका वाक्यात तीन भाषा बोलतात. "ही एंट्री डेबिट साइडला बरीबेकु, कळलं काय?" ऐकणाऱ्याला यात काहीच अडत नाही. ओठांवर प, ब, म हे तिन्ही सारखेच दिसतात, त्यामुळं आम्ही पुढचा शब्द अंदाजानं भरतो. तो अंदाज एका भाषेच्या रुळावर चाललेला असतो. मध्येच भाषा बदलली की रूळच बदलतो आणि नवी भाषा कुठली ते कळेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. कुणाच्या बोलण्याची सवय बदलणार नाही, ते मला मागायचंही नाही. मी दोनच गोष्टी मागितल्या: नवा मुद्दा सुरू करताना त्याचं नाव फळ्यावर लिहायचं, आणि फळ्याकडं तोंड करून बोलायचं नाही. मागच्या बाकावरनं कोणी प्रश्न विचारला तर उत्तराआधी प्रश्न परत म्हणायचा, ही तिसरी. ती सगळ्यांच्या लक्षात राहत नाही, पण ज्यांच्या राहते त्यांचे तास मला पूर्ण कळतात.

फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणारं ॲप, लावून सरांच्या टेबलावर ठेवते. त्यात मराठीही आहे, कन्नडही. दोन भाषा निवडून ठेवता येतात आणि बटण दाबून बदलता येतं. तिन्हींची खिचडी झाली की तेही गोंधळतं. तरी आकडे आणि इंग्रजी शब्द बरे येतात, कॉमर्सला ते पुरतं.

आणि एक, पावसाचं. पत्र्याच्या शेडमधला वर्ग असेल तर आषाढात यंत्र काढूनच ठेवावं लागतं. यंत्र पावसाचाच आवाज मोठा करून देतं. जून-जुलैत आमचा वर्ग स्लॅबच्या खोलीत हलवा, एवढं मागणं टाइमटेबल लागायच्या आधी केलं तर सहज होतं. नंतर कोणी ऐकत नाही.

निपाणीची_आई

ओठवाचक, किती नीट सांगितलंस गं. माझा मुलगा बारावी झाला. सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर लागतो, बोलणं सावकाश. डोकं मात्र तल्लख, गणितात हुशार.

आमचं घर निपाणीत. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज घरापासनं जवळ, म्हणून तिथं घालायचा विचार चाललाय. पण निपाणी कर्नाटकात आणि अर्जुननगर कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. त्याचा दाखला बेळगाव सिव्हिलचा, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तेही कर्नाटकातनं निघालेलं. लोक म्हणतात महाराष्ट्रात परत नवीन काढावं लागेल. खरं काय? त्याला परत मेडिकल बोर्डापुढं उभं करायचं अगदी जिवावर येतं. प्रत्येक वेळी पायाला हात लावून, चालून दाखव म्हणतात.

वकिलीत_आहे

@निपाणीची_आई, परत काढायची गरज नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दिव्यांगत्वाचा दाखला देशभर ग्राह्य आहे. क्लार्कनं अडवलं तर हे कलम लिहूनच अर्ज द्या. अडवणं तिथंच थांबतं, असा माझा अनुभव आहे.

मात्र तीन गोष्टी एकात एक मिसळू नका. वर्गातली आणि परीक्षेतली सोय कलम १६ खाली, ती कुठल्याही राज्यातल्या दाखल्यावर मिळते. प्रवेशातलं आरक्षण कलम ३२ खाली: सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट, पण त्याला ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. आणि शिष्यवृत्त्या, फी माफी यांचे रहिवासाचे नियम ज्या त्या राज्याचे. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, तिचा दाखला वेगळा. तो आणि हा एकाच फाईलीत लावून गोंधळ वाढवू नका.

तक्रारीची वाटही कॉलेज जिथं आहे त्या राज्याची. बेळगावातलं कॉलेज असेल तर बेंगळुरूचे राज्य दिव्यांग आयुक्त, अर्जुननगरचं असेल तर पुण्याचे. घर कुठं आहे याला महत्त्व नाही.

४० टक्क्यांखालच्या मुलांसाठीही लिहून ठेवतो. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात निकाल दिला. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. आयोगाचं म्हणणं होतं की ४० टक्के नाही तर लेखनिक नाही. न्यायालयानं ते नाकारलं. वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांच्या रेघेवर अवलंबून नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्रानं ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अशा मुलांनी कार्डावरचे टक्के बघून गप्प बसू नये.

निपाणीची_आई

जीव भांड्यात पडला. फार आभार. गणिताचा वर्ग वरच्या मजल्यावर लागला तर काय करायचं?

खडू_फळा

वर्ग खाली आणायचा. त्याला वर चढवायचं नाही. त्या तुकडीचं टाइमटेबल तळमजल्याच्या खोलीत बसवणं हे कागदावरचं काम आहे, त्याला एक रुपया लागत नाही. लिफ्टचं नंतर भांडूया. दारात पायऱ्या असतील तर उतार लागेल, त्याचं प्रमाण १ ला १२: दोन पायऱ्या मिळून १ फूट उंची असेल तर उतार १२ फूट लांब. घाईत घातलेला चार फुटांचा उतार वॉकरला पायरीपेक्षाही धोक्याचा, कारण पाय पुढं सरतो. बघायला जाल तेव्हा संडासाचं दारही बघा. वॉकर आत जातो का, आत वळतो का. मुलं लाजेनं हे विचारत नाहीत आणि दिवसभर पाणी पीत नाहीत.

तोंडी परीक्षेबद्दलही आत्ताच बोलून ठेवा. सावकाश बोलणाऱ्या मुलाला उत्तर टाइप करून दाखवायची मुभा मागा.

सरळ_विचारतो

राग नसावा. माझी मुलगीही पदवीला आहे. तीन तासांच्या पेपरला काहींना एक तास जास्त मिळतो. हे बाकीच्यांवर अन्याय नाही का? वर्गात नोट्स आधी, परीक्षेत वेळ जास्त. मार्कांवर पुढचे प्रवेश ठरतात, म्हणून विचारतोय.

निवृत्त_पर्यवेक्षक

राग कशाला, विचारलंत ते बरं केलंत. नोकरीभर परीक्षेची कामं केली. आमची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, दोन्ही काळ बघितले. तो जादा तास जातो कुठं, ते एका पेपरावरून सांगतो.

मुलगी अंध, शाळा मराठीतनं झालेली. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. लेखनिक म्हणून आलेली मुलगी कन्नड माध्यमातली, अकरावीतली, फार गुणी पोर. ती प्रश्न इंग्रजीत वाचायची. एकदा वाचून कळत नसे म्हणून परत. मग ही मनातल्या मनात मराठीत उत्तर जुळवायची आणि इंग्रजीत सांगायची. "फेडरल" म्हटलं की लेखनिक थांबायची, मग एफ, ई, डी, असं एकेक अक्षर. अर्धं पान झालं की "आता काय लिहिलंय ते वाच," कारण हिला मागं नजर टाकता येत नाही, सगळं आठवणीत धरावं लागतं. तुमची मुलगी दोन सेकंदांत वर बघून घेते, त्याला इथं दोन मिनिटं. जादा तास संपला तेव्हा शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला होता. तिला उत्तर येत होतं. मी खोलीतच होतो, शेवटच्या दहा मिनिटांत ती किती भराभर बोलत होती ते ऐकत होतो.

म्हणजे जास्तीचा वेळ विचार करायला मिळत नाही हो. तो वाचण्यात, ऐकण्यात आणि अक्षरं सांगण्यात खर्ची पडतो.

आता नियम. २९ ऑगस्ट २०१८ ला केंद्रानं मार्गदर्शक तत्त्वं काढली, प्रत जवळ ठेवा. तासाला किमान २० मिनिटं जादा. स्वतःचा लेखनिक आणायची मुभा असेल तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली. विद्यापीठानं दिला तर पेपरच्या दोन दिवस आधी त्याला भेटायला मिळालं पाहिजे, जमतंय का ते बघायला. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात मोलाची ओळ: वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषेच्या पेपरांना, वेगवेगळे लेखनिक घेता येतात. एका विषयाला एकच, एवढी अट. म्हणजे मराठीच्या पेपरला मराठी लिहिणारा, कन्नडच्या पेपरला कन्नडवाला. हे फार कमी लोकांना माहीत आहे. एकाच लेखनिकावर तिन्ही भाषा ढकलतात आणि मराठीच्या पेपरात जोडाक्षरांची वाट लागते.

पांढरी_काठी

सर, अगदी असंच होतं. आणि हा नियम फक्त सेमिस्टरच्या पेपरला लावतात. इंटर्नलला कोणी विचारतच नाही. एक तासाच्या टेस्टला २० मिनिटं, पाऊण तासाच्या टेस्टला १५ मिनिटं मिळायला हवीत. बेल झाली की पुढचे सर दारात उभे असतात, आमचा पेपर ओढून घेतात. म्हणून टेस्ट शेवटच्या तासाला ठेवा, नाहीतर आम्हाला दुसऱ्या खोलीत बसवा.

सरळ_विचारतो

पर्यवेक्षक सर, हे माहीत नव्हतं. पटलं. मुलीला दाखवतो.

चंदगडी

गाव चंदगड तालुक्यात, शिक्षण बेळगावात, आमच्याकडचे पुष्कळ जण असेच. धाकट्या भावासाठी लिहितोय. त्याला डिस्लेक्सिया आहे. मोटरचं इंजिन उघडून परत जोडतो, पण पानभर वाचायला सांगितलं की घामाघूम. दहावीपर्यंत आळशी म्हणून मार खाल्ला.

हा प्रकार २०१६ च्या कायद्यात आला, आधीच्या ७ मध्ये नव्हता. दिसत नसल्यामुळं कॉलेजात कोणी खरंच मानत नाही. "बोलताना तर चांगला बोलतोय की!" दाखला २०१८ च्या नियमांप्रमाणं ८ व्या, १४ व्या आणि १८ व्या वर्षी देतात, १८ नंतरचा कायमचा. म्हणून पदवीला जाणाऱ्यांनी १८ चा दाखला राहिला असेल तर आत्ताच उरकून घ्या.

तपासणी कुठल्या भाषेत होते याकडं लक्ष द्या, हे आपल्याकडं फार महत्त्वाचं. मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजी उतारा दिला तर तो अडखळणारच, त्यावरनं काहीच कळत नाही. घरात लहान भावंडं असतील तर सांगतो, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं डाली नावाची चाचणी केली आहे, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. ती हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या पोराला दोन्हीत तपासता येतं.

भावासाठी वर्गात काय मागायचं ठरवलंय: तास रेकॉर्ड करायची परवानगी, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करायचं नाही. दुसरी मागणी त्याची स्वतःची. तो म्हणाला, बाकी काही नको, एवढं बघ.

एक प्रश्न आहे. पदवीला दोन-दोन भाषा घ्याव्या लागल्या तर सूट मिळते का?

वकिलीत_आहे

कलम १७ मध्ये सरकारनं करायच्या उपायांत जादा वेळ आणि लेखनिकाबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतनं सूट हेही शब्दशः आहे. पण ते आपोआप लागू होत नाही, विद्यापीठाची मंजुरी लागते. प्राचार्यांमार्फत कुलसचिवांकडं पहिल्याच सेमिस्टरला अर्ज करा. कर्नाटकात अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिला की लवकर हलतो.

खडू_फळा

सगळ्यांचं वाचून अर्जाचा मसुदा केलाय. यातलं जे लागू नाही ते काढा, भर घाला.

*मा. प्राचार्य यांस,*
*मी आपल्या कॉलेजात … वर्गात प्रवेश घेतला आहे. मला … आहे. यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ प्रमाणे मला पुढील सोयी मिळाव्यात. माझी वर्गातली जागा … अशी निश्चित करावी. आमच्या तुकडीचे तास तळमजल्यावर घ्यावेत. नोट्स युनिकोड मजकुरात, तासाआधी मिळाव्यात. शिक्षकांनी फळ्यावरचं बोलून सांगावं. तास रेकॉर्ड करायची परवानगी असावी. इंटर्नल टेस्टलाही तासाला २० मिनिटं जादा मिळावीत. या सोयींची माहिती मला शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना लेखी द्यावी. माझं दिव्यांगत्व वर्गात जाहीर करू नये. आपलं उत्तर लेखी मिळावं ही विनंती.*

दोन प्रती करा, एकीवर ऑफिसचा आवक शिक्का घ्या. अर्ज पालकांनी नाही, विद्यार्थ्यानं स्वतः द्यावा. सही जमत नसेल तर अंगठा. काय हवं ते त्यानं स्वतः सांगितलं की शिक्षक त्याच्याशी बोलायला लागतात, नाहीतर तीन वर्षं त्याच्या आईशी बोलत राहतात. गावात असाल तर ग्रामपंचायतीचे पुनर्वसन कार्यकर्ते, आपण ज्यांना व्हीआरडब्ल्यू म्हणतो ते, कार्डाच्या कामाला मदत करतात.

ओठवाचक

"जाहीर करू नये" घातलंत ते फार बरं झालं. माझ्या वेळी सरांनी मला उभं करून सगळ्यांना सांगितलं होतं. हेतू चांगला होता, पण महिनाभर कोणी नीट बोललं नाही, सगळे ओरडूनच बोलायचे.

त्यात प्रॅक्टिकलही घाला. सायन्सच्या मुलांना लॅबमध्ये मदतनीस लागतो.

निवृत्त_पर्यवेक्षक

मदतनीसाचा उल्लेख २०१८ च्या तत्त्वांतच आहे, लेखनिकाबरोबरच. घाला.

मलप्रभेकाठी

मसुदा कन्नडमध्ये मी करून देते. आजच रात्री इथं टाकते, युनिकोडमध्येच.

खडू_फळा

फार छान. प्रॅक्टिकलचं घातलं. आमच्या कॉलेजात वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या स्टाफ मीटिंगला दोन्ही भाषांतल्या प्रती वाटणार आहे.

आता लेखनिकांची यादी आत्तापासनंच करूया, पेपरच्या आदल्या रात्री धावाधाव नको. अकरावी-बारावीतली मुलं हवीत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिणारी असली तर फारच उत्तम. टिळकवाडी, अनगोळ, शहापूर, वडगाव आणि खानापूर गाव इथली निकड जास्त आहे. नाव इथं लिहू नका, व्यनि (खासगी निरोप) करा. कुठल्या भाषांत लिहिता येतं आणि कुठल्या वारी सकाळी मोकळे असता तेवढं कळवा.